सी मधली छोटी मॅथ फंक्शनं ३० कोटी वेळा कॉल होतायत, इनलाइन करूनही काही फरक नाही

पॉइंटर_पाटील:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. फोनवरून टाइप करतोय आणि कीबोर्ड मराठीच आहे म्हणून कोड चिकटवत नाही, शब्दांत सांगतो.

प्रोजेक्ट असा की बसेसचे जीपीएस पॉइंट आहेत ४०,००० आणि बसस्टॉप आहेत ७,५००, प्रत्येक पॉइंटला सगळ्यात जवळचा स्टॉप कुठला ते काढायचंय. अंतर हॅवरसाइनने (गोलावरच्या दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र) काढतोय, म्हणजे साइन स्क्वेअर, कॉस गुणिले कॉस, मग वर्गमूळ, मग असाइन (साइनचं उलट), सगळ्यांना माहीत असेलच. दोन लूप एकात एक, म्हणजे हिशेब ३० कोटी वेळा होतो. वेळ लागतो ४१ सेकंद. गाइड म्हणाले की रोज रात्री चालवायचंय, शिवाय डेटा पुढे दहा पट होणार, तर हे कमी करा.

मी सगळी छोटी फंक्शनं वेगळ्या फाइलीत ठेवलीत. एक डिग्रीचं रेडियन करतं (अंश गुणिले पाय भागिले १८०), एक वर्ग करतं (घात काढणारं लायब्ररीचं पॉव वापरून), एक क्लॅम्प आहे म्हणजे असाइनला १ च्या वर काही जाऊ नये म्हणून, आणि मग मुख्य अंतराचं. एका जोडीमागे ही छोटी फंक्शनं सात वेळा कॉल होतात, चार वेळा रेडियन, दोनदा वर्ग, एकदा क्लॅम्प. तर मला वाटलं कॉलचाच खर्च असणार.

मग काय काय केलं ते सांगतो. आधी फंक्शनांच्या पुढे इनलाइन लिहिलं (म्हणजे कॉल न करता कोड जागेवरच आत घे असं कंपायलरला सांगणं) आणि हेडरमधे टाकली, तर लिंकर (सगळ्या फाइली शेवटी जोडणारा) अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणून ओरडायला लागला, हे का ते अजून कळलं नाही, इनलाइनच केलंय तर रेफरन्स कशाला शोधतोय हा? मग वैतागून वर्गाचा मॅक्रो केला, एक्स गुणिले एक्स. उत्तरंच चुकायला लागली. मग कंस टाकले, उत्तरं बरोबर आली पण प्रोग्राम आधीपेक्षा स्लो झाला!! मॅक्रोने स्लो कसं काय होऊ शकतं?

आता असेंब्लीत लिहायचं का? की लुकअप टेबल (उत्तरं आधीच काढून ठेवलेला तक्ता)? कृपया मार्गदर्शन करा.

सेगफॉल्ट_सदाशिव:

असेंब्ली राहू दे, आधी मेकफाइल दाखव, कंपाइलच्या सूचना असतात ती. ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग कुठला लावलायस?

पॉइंटर_पाटील:

मेकफाइलमधे डॅश जी आहे आणि वॉर्निंगचे दोन आहेत. ऑप्टिमायझेशनचं काही नाहीये बहुतेक. डिबगिंगसाठी मागच्या सेमला बनवलेली फाइल तशीच कॉपी केली होती 🙈

सेगफॉल्ट_सदाशिव:

वाटलंच. फ्लॅग दिला नाही तर जीसीसी (आपला सी कंपायलर) ओ झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून चालतो, तिथे तू इनलाइन लिही नाहीतर अगरबत्ती लाव, तो आपणहून एकही फंक्शन आत घेत नाही. ओ टू लाव आणि परत वेळ मोज. आणि अंदाजाने कुठलीच गोष्ट बदलू नकोस, लिनक्सवर असशील तर पर्फ रेकॉर्ड करून पर्फ रिपोर्ट बघ, वेळ कुठे जातो ते तो फंक्शनवार टक्क्यांत सांगतो.

एक साधा हिशेब आधीच करता आला असता. साधा फंक्शन कॉल म्हणजे जाणं, येणं, रजिस्टरची थोडी हलवाहलव, सगळं धरून एक-दोन नॅनोसेकंदाचा मामला. सात गुणिले ३० कोटी म्हणजे २१० कोटी कॉल, म्हणजे फार फार तर तीन-चार सेकंद. उरलेल्या ३७ सेकंदांचं काय? ते तुझ्या छोट्या फंक्शनांत जातच नाहीयेत.

जुना_कंपायलर:

लिंकरच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो, कारण हा प्रश्न दर सहा महिन्यांनी इथे येतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी "स्टॅटिक लाव, चालेल" एवढंच सांगून पळतं.

सी९९ मधे (सी भाषेचं १९९९ चं मानक) नुसतं इनलाइन लिहिलं की त्याचा अर्थ असा होतो की ही व्याख्या तुला बघायला देतोय, हवी तर आत घे, पण कॉल करण्याजोगी खरी प्रत दुसऱ्या कुठल्यातरी फाइलीत आहे. आता तू ओ झिरोवर आहेस, कंपायलरने आत घेतलं नाही, त्याने बाहेरच्या खऱ्या प्रतीला कॉल लिहून ठेवला, आणि ती प्रत तू कुठेच लिहिलेली नाहीस. लिंकर ओरडणार नाही तर काय करेल बिचारा. ओ टू ला हाच कोड चुपचाप चालला असता, म्हणून तर ही चूक लपून राहते आणि कोणीतरी एक दिवस डिबग बिल्ड केला की वर येते.

गंमत म्हणजे जुन्या जीसीसीत याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा होता, तिथे नुसत्या इनलाइनला बाहेरची प्रतही बनायची. २०१५ साली जीसीसी ५ आला तेव्हा डीफॉल्ट सी११ झालं आणि नियमही बदलला. त्यामुळे जुनं ट्युटोरियल वाचून लिहिलेला कोड नव्या कंपायलरवर अडतो.

उपाय: हेडरमधे स्टॅटिक इनलाइन. प्रत्येक सी फाइलीला आपली खाजगी प्रत मिळते, वापरली नाही तर ती गळून जाते, लिंकरला काही कळतही नाही. फाइली हलवायच्या नसतील तर लिंक टाइम ऑप्टिमायझेशनचा (सगळ्या फाइली जोडताना एकत्र बघून ऑप्टिमाइझ करायचा) फ्लॅग आहे, तो मात्र कंपाइल करताना आणि लिंक करताना दोन्हीकडे द्यावा लागतो, एकीकडेच देऊन "काही फरक नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

मॅक्रोचं. पहिल्यांदा चुकलं कारण वर्गाला "अ वजा ब" दिलंस की त्याचं "अ वजा ब गुणिले अ वजा ब" होतं आणि गुणाकार आधी होतो. हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. कंस टाकल्यावर तू मॅक्रोला काय दिलंस? साइनचा अख्खा कॉल दिलास ना? मॅक्रो म्हणजे नुसती मजकुराची चिकटवाचिकटव, तेव्हा "साइनचा वर्ग" याचं "साइन काढ, परत साइन काढ, आणि गुण" असं झालं. ओ झिरोवर कंपायलर ते तसंच्या तसं दोनदा करतो. दोन साइन होते त्याचे चार झाले. म्हणून स्लो.

फंक्शनला हा रोगच नाही, आर्ग्युमेंट एकदाच काढलं जातं. त्यामुळे तो मॅक्रो डिलीट कर.

ओ_थ्री_वाला:

एवढं काय त्यात, ओ थ्री + फास्ट मॅथ + मार्च नेटिव्ह लाव आणि झोप. नाहीतर क्वेकवाली ट्रिक आहे ना वर्गमूळाची, तो मॅजिक नंबर ०एक्स५एफ३७५९डीएफ, एकदम रॉकेट 🚀

जुना_कंपायलर:

ही ट्रिक आली की समजायचं थ्रेड तरुण आहे :)

क्वेक ३ मधला तो कोड खरंच सुंदर आहे, पण तो १९९९ च्या गेममधला आहे आणि त्याच वर्षी आलेल्या पेंटियम ३ मधे एक भागिले वर्गमूळ याच्या अंदाजाची इन्स्ट्रक्शन हार्डवेअरमधेच आली, साधारण १२ बिट अचूकतेची. त्या ट्रिकमधे न्यूटनची, म्हणजे उत्तर सुधारायची एक फेरी केल्यावरही चूक ०.१७ टक्क्यांच्या आसपास उरते. वर फ्लोटच्या (३२ बिटांची दशांश संख्या) पॉइंटरला इंटचा (पूर्णांक) पॉइंटर म्हणून वाचणं हे सी च्या एलियसिंग नियमात (एका प्रकारची मेमरी दुसऱ्या प्रकारची म्हणून वाचू नये) बसत नाही, ओ टू ला कंपायलर त्यावरून काहीही करायला मोकळा आहे, करायचंच तर मेमकॉपीने बिट हलवावे, त्याची इन्स्ट्रक्शन एकच होते. आणि मुख्य म्हणजे आज वर्गमूळाची स्वतःची इन्स्ट्रक्शन आहे आणि इथे वर्गमूळ हा प्रॉब्लेमच नाहीये.

फास्ट मॅथबद्दल नंतर लिहितो, जेवायला बसलोय.

पॉइंटर_पाटील:

ओ टू लावलं. ४१ वरून ३५ सेकंद 😞 मला वाटलं होतं पाच-सहा पट होईल. सगळी फंक्शनं स्टॅटिक इनलाइन केली (जुना_कंपायलर सर, मस्त समजावलंत, मॅक्रोचं वाचून डोक्यावर हात मारला). पर्फ चालवला तर साइन आणि कॉस मिळून ६०% च्या वर दिसतंय, असाइन १५% च्या आसपास, उरलेलं बाकीचं. माझी फंक्शनं यादीतच नाहीत.

सेगफॉल्ट_सदाशिव:

यादीत नाहीत कारण ती आता आत गेली, विरघळली. आणि फरक थोडाच पडला याचं कारण सरळ आहे, साइन-कॉस-असाइन ही लायब्ररीची फंक्शनं आहेत, ग्लिबसीवाल्यांनी (लिनक्सवरची सी ची मुख्य लायब्ररी) ती आधीच ऑप्टिमाइझ करून तुझ्या मशीनवर ठेवलेली आहेत, तू तुझ्या मेकफाइलीत ओ झिरो लाव नाहीतर ओ थ्री, त्या कोडला काही लागत नाही. तुझ्या फ्लॅगने फक्त तुझा कोड बदलला, तो होता सहा सेकंदांचा.

आता इनलाइनचा खरा उपयोग कुठे होतो बघ. कॉल वाचतो ती चिल्लर आहे. कंपायलरला आतलं दिसतं हे मोठं. उदाहरणार्थ तुझं रेडियनचं फंक्शन, अंश गुणिले पाय भागिले १८० असं लिहिलंयस. सी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे आधी गुणाकार आणि मग खराखुरा भागाकार. डबलचा (६४ बिटांची दशांश संख्या) भागाकार आजच्या इंटेल-एएमडीवर १३-१५ सायकल घेतो, गुणाकार तीन-चार. कंस टाक, अंश गुणिले (पाय भागिले १८०), कंसातलं कंपाइल होतानाच काढून ठेवलं जातं आणि उरतो एक गुणाकार. हा कंस कंपायलर आपणहून टाकू शकत नाही कारण शेवटच्या बिटात उत्तर बदलू शकतं आणि तेवढा तो प्रामाणिक आहे. दोन ने भागणं मात्र तो स्वतःच ०.५ ने गुणणं करतो, तिथे काही बदलत नाही म्हणून.

पॉवचंही तसंच, घात थेट २ दिसला तर ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसी साधा गुणाकार करतो. ३ दिसला तर नाही करत, तिथे लायब्ररीला कॉल जातो. त्यामुळे वर्ग-घन हातानेच लिहावं, पॉव आणायचाच नाही.

क्लॅम्प कशाने केलायस? एफमिनने?

पॉइंटर_पाटील:

हो एफमिन.

सेगफॉल्ट_सदाशिव:

मग तोही बघ. प्रोसेसरमधे मिनिमम काढायची एकच इन्स्ट्रक्शन आहे, पण एफमिनचा नियम असा की एक बाजू नॅन ('ही संख्याच नाही' असं दाखवणारी किंमत) असेल तर दुसरी बाजू परत द्यायची, आणि एक्स८६ ची (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची) इन्स्ट्रक्शन हा नियम पाळत नाही, म्हणून जीसीसी गपचूप लायब्ररीला कॉल करतो. त्याऐवजी प्रश्नचिन्ह-कोलन वापरून "अ लहान असेल १ पेक्षा तर अ, नाहीतर १" असं लिही, ते बरोब्बर त्या इन्स्ट्रक्शनसारखंच वागतं, एका इन्स्ट्रक्शनमधे बसतं. फ्लोअरचीही (खालची पूर्ण संख्या काढणारं) हीच कथा, एसएसई ४.१ या जादा इन्स्ट्रक्शनांच्या संचाचा फ्लॅग नसेल तर एक्स८६-६४ वर फ्लोअर म्हणजे अख्खा कॉल, कारण बेसलाइन एसएसई २ आहे. हे सगळं कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर टाकून बघ, डावीकडे कोड उजवीकडे असेंब्ली, कॉल शब्द कुठे कुठे दिसतो तेवढं शोधायचं. असेंब्ली लिहिता नाही आली तरी चालेल, वाचता यायला हवी.

फर्मवेअर_ताई:

विषय थोडा बाजूला जातोय पण छोट्या मॅथ फंक्शनांचा प्रश्न आला की माझी जखम ओली होते म्हणून लिहिते. आमच्याकडे पीसी नसतो, कॉर्टेक्स एम४ (आर्मचा छोट्या उपकरणांतला प्रोसेसर) असतो, १६८ मेगाहर्ट्झ, एफपीयू (दशांशांचं गणित करणारा भाग) आहे पण फक्त सिंगल प्रिसिजनचा, म्हणजे फ्लोटचा. एका जुन्या नोकरीत मोटर कंट्रोलचा लूप वेळेत संपत नव्हता, दोन आठवडे सगळे इंटरप्टच्या मागे, प्रायॉरिटी बदलून बघ, डीएमए लावून बघ. शेवटी मॅप फाइल (काय काय लिंक झालं त्याची यादी) बघताना मला डबलच्या गुणाकाराचं सॉफ्टवेअर रुटीन लिंक झालेलं दिसलं. आम्ही तर सगळीकडे फ्लोट वापरतोय, मग हे आलं कुठून? तर एका क्लॅम्पच्या फंक्शनात कोणीतरी ०.५ लिहिलेलं, पुढे एफ नाही. सी मधे एफ नसलेला दशांश हा डबल असतो, त्याच्या शेजारी बसलेला फ्लोटही डबल होतो, आणि डबल त्या चिपला येतच नाही, मग तो सगळा गुणाकार सॉफ्टवेअरमधे. हार्डवेअरचा फ्लोट गुणाकार एका सायकलचा, आणि हा कित्येक डझन सायकलचा. एका अक्षरासाठी!

तेव्हापासून डबल प्रमोशनची वॉर्निंग आमच्या मेकफाइलीत एररच करून टाकलीय. आणि साइन न लिहिता साइनएफ लिहायचं, स्क्वेअर रूटलाही एफ. त्या चिपवर वर्गमूळ आणि भागाकार दोन्ही १४ सायकल, त्यामुळे तिथे भागाकार वाचवणं हे खरंच फळ देतं.

लुकअप टेबलबद्दल विचारलं होतंस. एम४ वर टेबल चांगलं चालतं, आर्मच्याच सीएमसिस डीएसपी लायब्ररीत साइनचं ५१२ नोंदींचं टेबल आणि मधल्या किमतींना सरळ रेषेचं इंटरपोलेशन आहे. पीसीवर मात्र जपून, ४०९६ फ्लोटचं टेबल म्हणजे १६ केबी, एल-वन कॅश (प्रोसेसरच्या सगळ्यात जवळची मेमरी) बऱ्याच मशीनवर ३२ केबी असते, म्हणजे अर्धं घर पाहुण्याने अडवलं, आणि बेंचमार्कमधे हे दिसतही नाही कारण तिथे दुसरं कोणी राहायलाच नसतं.

पॉइंटर_पाटील:

ताई हे भारी होतं. मग मी डबलचं फ्लोट करू का? निम्मी मेमरी लागेल.

फर्मवेअर_ताई:

अंश साठवायला फ्लोट वापरताना हिशेब कर. पुण्याचं रेखांश ७३.८५ च्या आसपास, फ्लोटमधे ६४ ते १२८ च्या मधे दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर साधारण ०.०००००७६ अंश असतं. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किमी, तर तुझी पट्टीच ८० सेंटीमीटरची झाली. रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर स्टॉप असतात तुझ्याकडे, मधोमधच्या पॉइंटला कुठला जवळचा हे कधीतरी उलटं येणार. जीपीएसच मुळात काही मीटर चुकतं म्हणून चालेल म्हणत असशील तर तुझी मर्जी. पीसीवर आहेस, डबलच ठेव, तिथे डबल फुकट नसलं तरी स्वस्त आहे.

जुना_कंपायलर:

जेवण झालं. फास्ट मॅथ.

हा एक फ्लॅग नाही, गठ्ठा आहे. त्यात एक आहे "नो मॅथ एरनो", तो बहुतेकांनी बिनधास्त लावावा. वर्गमूळाला ऋण संख्या दिली तर सी ची लायब्ररी एरनो नावाच्या व्हेरिएबलमधे चूक नोंदवते, आणि त्या एका नियमापायी कंपायलर वर्गमूळाच्या इन्स्ट्रक्शनच्या जोडीला "ऋण आहे का बघ, असेल तर लायब्ररीला कॉल कर" एवढी शेपटी लावून ठेवतो. लूपमधे कॉल दिसला की व्हेक्टरायझेशन (एका इन्स्ट्रक्शनमधे अनेक संख्यांचं काम उरकणं) बोंबललं. आता मला सांगा, वर्गमूळानंतर एरनो तपासणारा माणूस तुम्ही आयुष्यात किती वेळा पाहिलात?

पण गठ्ठ्यातलं दुसरं पाखरू म्हणजे "फायनाइट मॅथ ओन्ली". त्यात तुम्ही कंपायलरला लिहून देता की माझ्याकडे नॅन आणि इन्फिनिटी कधीच येणार नाहीत. मग तो इझनॅनची तपासणी चक्क "नाही" म्हणून काढून टाकतो. पाटील, तुझ्या जीपीएस डेटात फिक्स न मिळालेले, म्हणजे जागाच न कळलेले पॉइंट असणारच, ते कसे ठेवलेत?

पॉइंटर_पाटील:

नॅन टाकून ठेवलेत 😬 आणि इझनॅनने गाळतोय.

जुना_कंपायलर:

तर मग फास्ट मॅथ लावलास की गाळणी फुटली. आणि वर सदाशिवने सांगितलेलं प्रश्नचिन्हवालं क्लॅम्प, त्यात नॅन आला तर "लहान आहे का" याचं उत्तर नाही येतं आणि हातात १ पडतो, असाइन त्याचं काढतो पाय भागिले दोन, आणि बस दिसते २०,०१५ किमी लांब, पृथ्वीच्या बरोब्बर मागच्या बाजूला. हसू नका, असा रिपोर्ट छापून गेलेला मी पाहिलाय. गाळणी लूपच्या आधी, आणि फास्ट मॅथ न लावता.

याच गठ्ठ्यात बेरजेचा क्रम बदलायची परवानगी पण आहे, कोणी काहानची बेरीज (बेरजेत हरवलेले बारीक अंश भरून काढणारी) लिहिली असेल तर ती भरपाईची पायरीच कंपायलर बीजगणिताने शून्य करून टाकतो.

मार्च नेटिव्हचंही, त्याचा अर्थ या मशीनच्या प्रोसेसरला येतं ते सगळं वापर, तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर बनवलेला बायनरी जुन्या सर्व्हरवर नेलास तर इल्लिगल इन्स्ट्रक्शन म्हणून जागेवर बसतो. जिथे चालवायचंय तिथेच कंपाइल कर.

नल_टर्मिनेटेड:

सगळं वाचलं. छान चर्चा आहे, पण माफ करा, सगळे जण बादलीचं भोक सोडून कडी घासतायत.

त्याला अंतर हवंय का? नाही. त्याला सगळ्यात जवळचा स्टॉप हवाय. असाइन आणि वर्गमूळ दोन्ही चढती फंक्शनं आहेत, आतली संख्या लहान तर बाहेरची लहान. मग ३० कोटी वेळा असाइन कशाला? आतल्या संख्येचीच तुलना कर, जिंकलेल्या स्टॉपचं तेवढं अंतर शेवटी काढ. ४०,००० असाइन झाले ३० कोटींच्या जागी. क्लॅम्पचा वादही तिथेच मिटला.

पुढचं. ७,५०० स्टॉप काही हलत नाहीत. त्यांच्या अक्षांशाचा कॉस तू प्रत्येक बससाठी नव्याने काढतोयस, ४०,००० वेळा तोच कॉस. रेडियन पण.

आणि खरं सांगू का, ट्रिग्नॉमेट्रीच आतल्या लूपमधून उठवता येते. प्रत्येक पॉइंट आणि प्रत्येक स्टॉप एकदाच त्रिमितीत ने. एक्स म्हणजे कॉस अक्षांश गुणिले कॉस रेखांश, वाय म्हणजे कॉस अक्षांश गुणिले साइन रेखांश, झेड म्हणजे साइन अक्षांश. एकक त्रिज्येच्या गोलावरचा बिंदू झाला. आता दोन बिंदूंमधली सरळ जीवा काढ, तीन वजाबाक्या, तीन वर्ग, दोन बेरजा. या जीवेचा वर्ग म्हणजे तुझ्या हॅवरसाइनमधल्या आतल्या संख्येच्या बरोबर चौपट, अंदाज नव्हे, गणिताने तेवढाच. तेव्हा जो जिंकायचा तोच जिंकतो. शेवटी अंतर हवं तर जीवेच्या अर्ध्याचा असाइन, दुप्पट, गुणिले ६३७१.

हिशेब बघ: ४७,५०० बिंदू गुणिले चार, म्हणजे १,९०,००० साइन-कॉस. आत्ता तू १२० कोटी करतोयस.

डॉट प्रॉडक्टने पण होतं आणि एखादं ऑपरेशन वाचतं, पण जवळच्या बिंदूंना डॉट प्रॉडक्ट १ ला चिकटतो आणि बारीक फरक खाऊन टाकतो, म्हणून वजाबाकीवालंच कर.

पॉइंटर_पाटील:

नल सर, केलं. आणि काहीतरी गडबड आहे. वेळ ०.००४ सेकंद येतोय. खरंच?? मोजताना प्रिंटचा वेळ नको म्हणून प्रिंट कमेंट केलंय फक्त.

सेगफॉल्ट_सदाशिव:

हाहाहा. प्रिंट काढलंस म्हणजे उत्तर कोणालाच नकोय, मग कंपायलर म्हणाला नको तर नको, अख्खा लूपच उडवला त्याने. जे ०.००४ दिसतंय ते त्या एक लाख नव्वद हजार साइन-कॉसचं असेल. जिंकलेल्या स्टॉपच्या नंबरांची बेरीज करत जा आणि शेवटी एकदाच छाप, म्हणजे त्याला काम करावंच लागेल. मोनोटॉनिक क्लॉकने (कधी मागे न जाणारं घड्याळ) मोज, पाच वेळा चालव, लॅपटॉप चार्जरला लावून.

पॉइंटर_पाटील:

बेरीज छापली. ०.४१ सेकंद, पाचही वेळा त्याच्या आसपास. ३५ सेकंदांवरून!! विश्वासच बसत नाहीये, रात्री दोन वाजता रूममेटला उठवून दाखवलं, त्याने शिव्या दिल्या.

ओ_थ्री_वाला:

आता तरी ओ थ्री लाव की 😅

नल_टर्मिनेटेड:

आता लावायला हरकत नाही, आता आतल्या लूपमधे त्याला खायला काहीतरी आहे. जीसीसी १२ पासून ओ टू लाही व्हेक्टरायझेशन आहे पण फार कंजूस. मात्र स्टॉपचं स्ट्रक्चर एक्स-वाय-झेड-नाव-नंबर असं असेल तर ते मोड, तीन वेगळे ॲरे कर, पॉइंटरना रिस्ट्रिक्ट लाव, म्हणजे हे ॲरे एकमेकांवर चढत नाहीत हे त्याला कळतं. आणि "सगळ्यात लहान कुठला" हे त्याच लूपमधे करू नकोस, मिनिमम आणि त्याचा नंबर एकत्र म्हटलं की कंपायलर अडखळतो. ५१२ स्टॉपचा तुकडा घे, अंतरांचे वर्ग छोट्या बफरमधे लिही, ४ केबी होतो, एल-वन मधे मजेत राहतो, मग दुसऱ्या लूपने त्यातला लहान शोध. पहिल्या लूपमधे प्रत्येक उत्तर स्वतंत्र आहे, बेरजेचा क्रम बदलायची गरज नाही, त्यामुळे फास्ट मॅथशिवायच होतं. प्रोसेसरमधे एव्हीएक्स २ हा इन्स्ट्रक्शनांचा संच असेल तर एका वेळी चार डबल.

डेटा दहा पट झाला की यानेही भागणार नाही, तेव्हा शहरावर चौकोनी जाळी टाक आणि फक्त आपल्या आणि शेजारच्या आठ चौकोनांतले स्टॉप बघ. चौकोन रिकामे निघाले तर शोध रुंदावावा लागतो एवढं लक्षात ठेव, नाहीतर गावाबाहेरच्या बसला स्टॉपच सापडणार नाही.

पॉइंटर_पाटील:

जाळीचं शनिवारी करतो, परवा सबमिशन आहे. तुकडे केले, ओ थ्री लावलं, ०.१९ वर आलं.

एक शंका होती म्हणून जुन्या आणि नव्या प्रोग्रामचं आउटपुट डिफ करून बघितलं. ४०,००० पैकी तीन ओळी वेगळ्या आल्या आणि पोटात गोळा आला, म्हटलं कुठेतरी प्रिसिजन गेली. दोन तास तेच शोधत होतो. मग त्या तीन ओळींतले स्टॉप काढून बघितले तर तिन्ही ठिकाणी दोन्ही स्टॉप एकच, यादीत दोन नंबरांनी दोनदा भरलेले, एकात "स्टँड" आणि दुसऱ्यात "बस स्टँड", अक्षांश-रेखांश सहाव्या दशांशापर्यंत तेच.